तोंडात अंगठा घातलेला वीर : सिगुर्ड, फाफ्नीर आणि शापित सोनं

माळरान

रविवारी पुन्हा रामसुंडला जाऊन आले. ही तिसरी खेप. स्वीडनमधल्या एस्किल्स्तुना शहराजवळ, मेलारेन तळ्याच्या अंगाला, झाडीत एक उतरता कातळ आहे. त्यावर सुमारे पावणेपाच मीटर रुंदीचं चित्र कोरलंय. काळ इ. स. १०३० च्या आसपासचा. रेघांत आता तांबडा रंग भरलाय, त्यामुळे आधी नुसता रंग दिसतो आणि मग हळूहळू एकेक आकार सुटा होत जातो.

एक लांबलचक सर्प चित्राची चौकट झालाय. त्याच्या अंगावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला मजकूर आहे. एक माणूस खालून त्याच्या पोटात तलवार खुपसतोय. आत एक झाड, झाडावर पक्षी, झाडाला बांधलेला घोडा, घोड्याच्या पाठीवर ओझं. एक मुंडकं तुटलेलं धड, भोवती हातोडा, सांडशी, ऐरण, भाता. आणि विस्तवापाशी बसलेला एक जण. त्याचा अंगठा तोंडात आहे.

हा सिगुर्ड. जर्मन लोकांचा सीगफ्रीड. 'फाफ्नीसबानी', म्हणजे फाफ्नीरला मारणारा, हे त्याचं बिरुद. पण कोरीवकामात त्याला ओळखायचं ते तलवारीवरून नाही. मॅन बेटावरच्या दगडी क्रुसांवर आणि नॉर्वेतल्या हीलेस्टाडच्या चर्चच्या लाकडी दारावरही हाच प्रसंग आहे. विस्तव, काठीवर भाजायला लावलेलं काळीज आणि भाजलेलं बोट. तलवार कुणाच्याही हातात असते, तोंडात अंगठा मात्र याच्याच.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओडिन, लोकी आणि हॅनीर हे तीन देव भटकत एका धबधब्यापाशी येतात. तिथे एक पाणमांजर डोळे अर्धवट मिटून मासा खात बसलंय. लोकी दगड मारतो, एका दगडात पाणमांजरही मिळतं आणि मासाही. रात्री ज्याच्या घरी मुक्कामाला जातात त्या ह्रेइदमारला ते कौतुकाने शिकार दाखवतात. तो त्याचा मुलगा निघतो, ओत्र, रूप बदलून मासे धरणारा. भरपाई ठरते ती अशी : कातडं सोन्याने भरायचं आणि वरूनही सोन्याने पूर्ण झाकायचं. लोकी जाळं घेऊन जातो आणि पाईक माशाच्या रूपात पोहणाऱ्या अंद्वारी नावाच्या बुटक्याला पकडून त्याचं सगळं सोनं काढून घेतो. अंद्वारी एक अंगठी लपवतो, तीही लोकी ओरबाडतो. तेव्हा अंद्वारी शाप देतो की हे सोनं ज्याच्याकडे जाईल त्याचा जीव घेईल. इकडे कातडं झाकून होतं, पण ह्रेइदमार जवळ जाऊन बघतो तर मिशीचा एक केस उघडा राहिलेला असतो. तो झाकायला ओडिनला ती अंगठी काढून ठेवावी लागते.

पुढे ह्रेइदमारचा दुसरा मुलगा फाफ्नीर बापालाच मारतो, भाऊ रेगिन याला हिस्सा देत नाही, आणि ग्निताहेइद नावाच्या माळावर सोन्यावर वेटोळं घालून पडून राहतो. ड्रॅगन होतो तो असा. कुठल्या गुहेतून आलेला राक्षस नाही, बाप मारून सोन्यावर बसलेला थोरला भाऊ.

रेगिन लोहार आहे. त्याने सिगुर्डला लहानाचा मोठा केला तो याच कामासाठी. सिगुर्ड फाफ्नीरच्या वाटेवर खड्डा खणून आत बसतो आणि तो पाणी प्यायला जाताना वरून सरपटला की खालून काळजात तलवार घालतो. मग रेगिन सांगतो, काळीज भाजून मला दे. शिजलं का बघायला सिगुर्ड बोट लावतो, चटका बसतो, बोट तोंडात जातं. फाफ्नीरचं रक्त जिभेला लागतं आणि झाडावरच्या पक्ष्यांचं बोलणं त्याला कळायला लागतं. पक्षी म्हणत असतात, हा वेडा काळीज भाजतोय आणि तो शेजारी बसून याचा घात योजतोय. सिगुर्ड रेगिनचं मुंडकं उडवतो.

मला कायम वाटत आलंय की गोष्टीचा गाभा इथे आहे. ड्रॅगन मेल्यावर याला बळ मिळालं नाही, ऐकू यायला लागलं. तुम्हाला काय वाटतं? ही गोष्ट कुणी कुठल्या रूपात ऐकलीय तेही लिहा.

ऐरणीपाशी

धागा फार आवडला. आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकी होती, आजोबांचा भाता मी ओढलेला आहे. म्हणून तलवारीबद्दल लिहितो.

रेगिनने घडवलेल्या दोन तलवारी सिगुर्ड ऐरणीवर आपटतो आणि दोन्ही तुटतात. मग तो आईकडे जातो आणि बाप सिगमुंडच्या तलवारीचे तुकडे मागतो. ही तलवार ओडिनने झाडात खुपसली होती, ती उपसणं फक्त सिगमुंडला जमलं, आणि शेवटच्या लढाईत ती ओडिनच्याच भाल्यावर आपटून मोडली. आईने तुकडे जपून ठेवलेले असतात. त्यातून 'ग्राम' घडते आणि या वेळी ऐरणच बुडापर्यंत चिरते.

पण मला ऐरणीपेक्षा दुसरी परीक्षा खरी वाटते. तलवार वाहत्या पाण्यात धरायची आणि वरच्या अंगाने लोकरीचा पुंजका सोडायचा. पुंजका वाहत येऊन धारेला लागतो आणि दोन होतो. ऐरणीवर आपटून पोलादाचा कणखरपणा कळतो, धार कळत नाही. धार बघायची तर जोर न लावता. आजोबा विळ्याची धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघायचे, नखावर घसरली नाही की समजायचं पाणी बरोबर बसलं. ज्याने ही गोष्ट रचली तो भट्टीपाशी बसलेला असणार.

हीलेस्टाडच्या दाराचे फोटो बघा. ते लाकूड आता ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. त्यात भाता मारणारा गडी वेगळा आणि घण धरणारा वेगळा दाखवलाय. बरोबर तसंच असतं, एकट्याचं काम नाही ते.

शंकेखोर

चांगलं लिहिलंय, पण एक शंका मनातून जात नाही. खड्ड्यात लपून, पाणी प्यायला निघालेल्या जनावराच्या पोटात खालून तलवार घालणं, यात शौर्य कुठे आहे? समोरासमोर तर भिडलाच नाही. जुन्या इंग्रजी काव्यातला बेओवुल्फ निदान ड्रॅगनसमोर उभा राहून लढतो आणि त्यात मरतो.

माळरान

@शंकेखोर, शंका रास्त आहे. दोन गोष्टी सांगते.

एक म्हणजे क्रम. रेगिन मागे लागलेला असतो, तरी सिगुर्ड आधी बापाच्या मारेकऱ्यांवर, हुंडिंगच्या मुलांवर चालून जातो. तो हिशेब पुरा केल्यावरच फाफ्नीरकडे वळतो. सोन्याची घाई त्याला नाही.

दुसरी खड्ड्याची. रेगिनने सांगितलं होतं, एकच खड्डा खण. तो खणत असताना एक लांब दाढीचा म्हातारा येतो आणि म्हणतो, एक नको, अनेक खण, म्हणजे रक्त त्यांत वाहून जाईल. एकाच खड्ड्यात तो रक्तात बुडाला असता, म्हणजे गुरूचा सल्लाच सापळा होता. म्हातारा अर्थात ओडिन. तेव्हा खड्ड्यात बसणाऱ्याच्या डोक्यावर विष फुंकणारा साप आहे आणि पाठीशी त्याला मारू पाहणारा पालक. तो पालक तर भिऊन लांब पळालेला असतो. मला यात धाडस दिसतं.

आणि सगळ्यात सुंदर भाग वार केल्यानंतर येतो. फाफ्नीर लगेच मरत नाही. दोघं बोलत बसतात, 'फाफ्नीस्मोल' या काव्याचा मोठा भाग त्या बोलण्याचा आहे. फाफ्नीर विचारतो, कुणाचा तू पोर? सिगुर्ड नाव सांगत नाही, स्वतःला 'उमदं जनावर' म्हणवतो. तिथे मूळ पोथीत गद्य टीप आहे : मरणाऱ्याने शत्रूचं नाव घेऊन शाप दिला तर तो लागतो अशी जुनी समजूत होती. पण फाफ्नीर टोचून बोलतो तेव्हा तो नाव सांगून टाकतो. फाफ्नीर म्हणतो, हे सोनं तुझाही जीव घेईल. त्यावर सिगुर्डचं उत्तर साधारण असं : त्या एका दिवसापर्यंत प्रत्येकालाच संपत्ती हवी असते.

अनुष्टुभ

'फाफ्नीसबानी' मधला 'बानी' आपल्या ओळखीचा आहे. भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॅटकिन्स यांनी हा शब्द आणि संस्कृत 'हन्' धातू एकाच जुन्या धातूपासून आल्याचं मांडलं. म्हणजे 'वृत्रहन्' आणि 'फाफ्नीसबानी' ही बिरुदं एकाच घडणीची. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ३२ वं सूक्त आठवा, 'अहन्नहिमन्वपस्ततर्द'. अहीला मारलं, पाणी मोकळं केलं. ग्रीक, हित्ती, इराणी, जर्मानिक सगळीकडे हे सापडतं.

फरक मात्र मोठा आहे. इंद्राने अहीला मारल्यावर नद्या सुटतात, सगळ्यांना पाणी मिळतं. सिगुर्डने मारल्यावर सोनं सुटतं, आणि ज्याच्या घरी जातं त्याचं घर बुडतं.

शंकेखोर यांच्या शौर्याच्या प्रश्नावर त्याच सूक्तातली १४ वी ऋचा वाचण्यासारखी आहे. अहीला मारल्यावर इंद्राच्या मनात भय शिरतं आणि तो भ्यालेल्या ससाण्यासारखा नव्याण्णव नद्या ओलांडून जातो. ऋषी त्याला विचारतो, अहीचा सूड घ्यायला कोण येताना दिसलं तुला? जुन्या कवींना ठाऊक होतं की असल्या वधानंतर मारणाराही पहिल्यासारखा राहत नाही.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत, ऱ्हाइनकाठच्या वोर्म्स शहरापासून अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे जर्मन बाजू मांडतो. इथे सगळं वेगळं आहे.

'निबेलुंगनलीड' हे काव्य १२०० च्या सुमाराचं, २३०० पेक्षा जास्त कडवी, आणि त्यात ड्रॅगनला मारणं जेमतेम एका कडव्यात आटोपलंय. तेही प्रत्यक्ष नाही. सीगफ्रीड वोर्म्सच्या दरबारात येतो तेव्हा तिथला सरदार हागेन खिडकीतून बघून म्हणतो, यानेच ड्रॅगन मारला, त्याच्या रक्तात न्हाला आणि याची कातडी शिंगासारखी टणक झाली, कुठलंच शस्त्र लागत नाही. पक्ष्यांची भाषा नाही, अंगठा नाही.

रक्तात न्हाताना लिंडनच्या झाडाचं एक पान दोन खांद्यांच्या मध्ये पडलं, तेवढी जागा कोरडी राहिली. लिंडनचं पान पिंपळाच्या पानासारखंच बदामी, फक्त टोक आखूड आणि कडा दातेरी. दर शरदात अंगणात पडतात, तेव्हा प्रत्येक वेळी ही गोष्ट आठवते. ही जागा फक्त बायकोला, क्रीमहिल्डला ठाऊक. हागेन तिला म्हणतो, युद्धात मी त्याची पाठ राखीन, जागा कुठली ते कळू दे. ती बिचारी नवऱ्याच्या काळजीपोटी त्याच्या कपड्यावर नेमक्या जागी रेशमाने छोटा क्रूस शिवते. सीगफ्रीड ओणवा होऊन झऱ्याचं पाणी पीत असताना हागेन भाला घालतो तो त्या क्रुसातून. तिच्या हाताचे ते टाके वाचले की मला पुढचं वाचवत नाही.

जवळच्या ओडेनवाल्ड डोंगरांत एकापेक्षा जास्त गावं 'तो झरा आमचाच' म्हणून पाटी लावून बसलीत. वोर्म्समध्ये नदीकाठी हागेनचा पुतळा आहे, १९०५ चा, डोक्यावर ढाल धरून खजिना ऱ्हाइनमध्ये टाकतानाचा.

पारिजात

दुर्योधनाची आठवण झालीच. गांधारीची नजर आणि मांडीपुरता राहिलेला कपडा ही गोष्ट लोकांत चालते, व्यासांच्या पाठात नाही. वनपर्वात मात्र वेगळंच आहे, दानव दुर्योधनाला सांगतात की तुझा वरचा देह वज्राचा आणि खालचा पार्वतीने फुलांचा केलाय. अकिलीसची टाच, सीगफ्रीडचे खांदे, दुर्योधनाची मांडी. सीगफ्रीडच्या बाबतीत ती जागा बायकोच्या मायेतून उघडी पडते, हे मला जास्त लागलं.

एक प्रश्न. ड्रॅगन मारणारा मुळात सिगुर्डच होता का?

ऱ्हाइनकाठ

@पारिजात, बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात ड्रॅगन मारून खजिना नेणारा आहे सिगेमुंड, म्हणजे बाप. मुलाचं नावही नाही तिथे. तेराव्या शतकातल्या थिद्रेकसागा या गद्यकथेत नावं अदलाबदल झालीत, लोहार मीमीर आणि ड्रॅगनच रेगिन. तिथे सिगुर्ड विस्तवातलं जळकं झाड उचलून ड्रॅगनला बडवून मारतो.

इतिहासात पाय रोवून उभे आहेत ते सिगुर्डच्या सासरचे लोक. गुंडाहार नावाचा बुर्गुंडियन राजा खरोखर होऊन गेला. ४३६-३७ च्या सुमारास त्याचं राज्य रोमन सेनापती एशियस आणि हूणांच्या हातून नष्ट झालं. गोष्टीतला गुन्नार, सिगुर्डचा मेव्हणा, तो हा, आणि गोष्टीतला राजा अत्ली म्हणजे हूणांचा अत्तिला. ५७५ मध्ये मारला गेलेला फ्रँक राजा सिगेबेर्ट आणि त्याची राणी ब्रुनहिल्डा यांच्याशी काही अभ्यासक सिगुर्डचा धागा जोडतात. जुळतात ती मुख्यतः नावं.

आणि बाराव्या शतकात निकुलास नावाचा आइसलँडचा मठाधिपती रोमच्या यात्रेची वाट लिहून गेलाय. त्यात पाडरबोर्न ते माइंत्सच्या वाटेवर तो सरळ नोंदवतो, इथे ग्निताहेइद, सिगुर्डने फाफ्नीरला मारलं ती जागा. त्याच्यासाठी हा वाटेवरचा एक टप्पा होता.

दोघांची_आई

मी मुलांना ही गोष्ट काल रात्री सांगितली, धागा वाचूनच. ड्रॅगनपर्यंत छान चाललं. पुढचं सासरचं कसं सांगावं कळेना, म्हणून तिथेच थांबवलं. आज सकाळपासून मोठी विचारतेय, मग त्या सोन्याचं काय झालं? कुणी नीट सांगाल का, नॉर्स म्हणजे उत्तरेकडच्या बाजूचं?

माळरान

@दोघांची_आई, सांगते, किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

सिगुर्ड सोनं आपल्या ग्रानी घोड्यावर लादतो आणि हिंदारफ्याल डोंगरावर जातो. तिथे झोपवून ठेवलेली ब्रुनहिल्ड जागी होते, आणाभाका होतात. मग तो ग्युकी राजाच्या घरी पोचतो. राणी ग्रिमहिल्ड याला विसरण्याचं पेय पाजते आणि आपली मुलगी गुद्रून देते. त्याला ब्रुनहिल्ड आठवतच नाही. पुढे मेव्हण्याला, गुन्नारला, ब्रुनहिल्डशी लग्न करायचंय, पण तिच्या घराभोवती आग आहे आणि ती ओलांडणं गुन्नारला जमत नाही. दोघं रूपं बदलतात. सिगुर्ड गुन्नारच्या रूपात आग ओलांडतो आणि तिच्याकडून अंगठी घेतो. अंद्वारीची, तीच.

मग एक दिवस नणंद-भावजया नदीवर केस धुवायला जातात. ब्रुनहिल्ड पाण्यात पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाते. गुद्रून विचारते, का गं? ती म्हणते, तुझ्या केसांचं पाणी माझ्या केसांना नको, माझा नवरा मोठा. त्यावर गुद्रून हात पुढे करून अंगठी दाखवते. बस. आग ओलांडणारा कोण होता ते एका क्षणात कळतं. जर्मन काव्यात हेच भांडण वोर्म्सच्या चर्चच्या दारात होतं, आधी आत कुणी जायचं यावरून. मला नदी खरी वाटते. पाणवठ्यावर कोण वरच्या अंगाला उभं राहतं यावरून घरं फुटलेली आपण सगळ्यांनी ऐकलीत.

ब्रुनहिल्ड सिगुर्डचा जीव मागते. गुन्नार आणि त्याचा भाऊ होग्नी यांनी सिगुर्डशी शपथ घेतलेली असते, म्हणून ते धाकट्या भावाला, गुट्टोर्मला पुढे घालतात. तो झोपेतल्या सिगुर्डवर वार करतो. मरता मरता सिगुर्ड ग्राम फेकतो आणि दारातून पळणाऱ्या गुट्टोर्मचे दोन तुकडे होतात. ब्रुनहिल्ड त्याच्या चितेवर चढते. सोनं गुन्नार-होग्नीकडे येतं, त्यापायी अत्ली त्यांना मारतो, गुन्नारला सापांच्या खड्ड्यात टाकतात. हात बांधलेले, तर तो पायाच्या बोटांनी हार्प वाजवून साप झोपवतो, एक सोडून. सोनं कुठे आहे ते मात्र कुणीच सांगत नाही. ते ऱ्हाइनमध्ये जातं.

अनुष्टुभ

माळरान, तुमच्या मूळ मांडणीला एक जोड देतो. सिगुर्डला पुढचं फक्त पक्ष्यांकडून कळलं असं नाही. त्याआधी तो ग्रिपीरकडे, आपल्या मामाकडे जातो. मामा त्याला अख्खं आयुष्य सांगतो : फाफ्नीर, ब्रुनहिल्ड, ते पेय, फसवणूक, खून. मध्येच मामा गप्प होतो, पुढचं सांगवत नाही म्हणतो, तर भाचा हट्टाने सांगायला लावतो. निरोप घेताना म्हणतो की नशिबापुढे कुणाचं चालत नाही, आणि निघतो.

माळरान

हो, ग्रिपीर माझ्याकडून राहून गेला, आणि तो आला की माझं म्हणणं बदलतं. मी लिहिलं होतं, याला ऐकू यायला लागलं. पण त्याने आधीच सगळं ऐकलेलं होतं. तरी पक्षी बोलले तेव्हा तो वाचला आणि मामा बोलला तेव्हा नाही. पक्ष्यांनी शेजारी बसलेल्या माणसाबद्दल, त्याच घटकेबद्दल सांगितलं, तिथे हात चालवता आला. बहुतेक फरक तेवढाच असावा. यावर अजून विचार करते.

पारिजात

सिगुर्ड कुठे मेला यावर इतके पाठ, मग खरा कुठला धरायचा? भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती केली, १९६६ ला पूर्ण झाली. तसं इथे कुणी केलंय का?

माळरान

@पारिजात, इथे अडचण उलटी आहे. पोथीच एक. सिगुर्डवरच्या नॉर्स काव्यांची मुख्य प्रत म्हणजे कोडेक्स रेगियस, 'राजाची पोथी', साधारण १२७० च्या दशकात आइसलँडमध्ये लिहिलेली, ४५ पानांची लहानशी. १६४३ मध्ये ती बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यांच्या हाती आली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली, आणि २१ एप्रिल १९७१ ला डॅनिश नौदलाच्या जहाजातून परत आली तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर माणसांची रीघ लागली होती.

तिच्यातली आठ पानं गहाळ आहेत. नेमकी कुठली? सिगुर्ड-ब्रुनहिल्डच्या भेटीच्या मध्यापासून खुनाच्या बेतापर्यंतची. त्या आणाभाका, ते पेय, नदीवरचं भांडण, सगळं मूळ कवितेतून गेलं. वर मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं गद्य व्होल्सुंगसागावरून. सागा लिहिणाऱ्यासमोर त्या कविता होत्या, आपल्यासमोर नाहीत.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पोथीत लिहून ठेवलंय. खुनाच्या कवितेनंतर लिहिणारा दोन ओळी गद्यात घालतो. इथे त्याला बाहेर मारलं असं सांगितलंय. काही म्हणतात, घरात, अंथरुणात झोपलेला असताना. जर्मन माणसं म्हणतात, रानात. गुद्रूनच्या जुन्या कवितेत, सभेला जाताना वाटेत. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे : त्यांनी विश्वासघात केला आणि तो आडवा, बेसावध असताना वार केला.

साडेसातशे वर्षांपूर्वी मेणबत्तीशी बसून त्याने चारही पाठ नोंदवले, एकही खोडला नाही.

ऱ्हाइनकाठ

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. या वीराचा जर्मनीत फार वाईट वापर झाला. जर्मन संगीतकार वाग्नरच्या या कथेवरच्या चार संगीतिका १८७६ मध्ये बायरॉइटला पहिल्यांदा सलग झाल्या, त्यात कथानक बरंचसं नॉर्स बाजूचं होतं. तिथवर ठीक. पण पहिलं महायुद्ध हरल्यावर 'घरच्यांनीच सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला' या खोट्या कांगाव्यासाठी सेनापती हिंडेनबुर्गने सीगफ्रीड-हागेनचीच उपमा वापरली. ३० जानेवारी १९४३ ला स्टालिनग्राडमध्ये सैनिक उपाशी, गोठून मरत असताना नाझी नेता ग्योरिंगने भाषणात निबेलुंगनलीडमधल्या जळत्या सभागृहाचा दाखला दिला. ज्या काव्यात शेवटी जवळजवळ सगळेच मरतात आणि उरलेले रडतात, त्याचा उपयोग पोरांना मरायला पाठवण्यासाठी केला. मला या काव्याबद्दल माया आहे, म्हणूनच हे विसरून चालणार नाही.

शंकेखोर

माझी शौर्याबद्दलची शंका फिटली. माळरान, त्या कातळावर रून लिपीत लिहिलंय काय? सिगुर्डची गोष्टच ना?

माळरान

@शंकेखोर, नाही. सिगुर्डचं नावसुद्धा नाही. मजकूर एवढाच : अलरिकची आई, ओर्मची मुलगी सिग्रिड हिने हा पूल बांधला, होल्मगेर याच्या आत्म्यासाठी, जो सिग्रोडचा बाप, तिचा नवरा. नवरा होल्मगेर की सिग्रोड, यावर वाचणाऱ्यांत दोन मतं आहेत.

नवा ख्रिस्ती धर्म येऊन फार दिवस झाले नव्हते. दलदलीवर पूल बांधून देणं हे मेलेल्याच्या आत्म्यासाठी पुण्याचं काम, आपल्याकडे घाट किंवा विहीर बांधावी तसं. बापाचं नाव ओर्म, म्हणजे साप. घरात सिग्रोड हे नाव, सीगफ्रीडच्याच घडणीचं. म्हणून तिने ही गोष्ट निवडली असेल असा माझा अंदाज आहे. काम करून घेणारी बाई आहे, पैसे तिचे, आणि कोरणाऱ्याला जागा अपुरी पडू नये म्हणून अख्खा कातळ दिलाय.

@दोघांची_आई, लेकीला सांगा, चित्राच्या कडेला ते पाणमांजरही आहे. पहिल्या दोन्ही खेपांना माझ्या नजरेतून सुटलं होतं. रविवारी कातळाच्या बाजूला उकिडवी बसले तेव्हा दिसलं.